आठशे किलोमीटर जायचं, वीस मिनिटं पळायचं आणि त्याच गाडीनं घरी यायचं

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. २०१८ ची पोर्श ७१८ केमन, दोन लिटरचं टर्बो इंजिन, पीडीके (आपोआप गिअर बदलणारा) गिअरबॉक्स, मुंबईच्या मालकाकडून घेतलेली. इंदुरात आठवड्यातून दोन-तीनदा बाहेर निघते, पावसाळ्यात जाम गेट आणि मांडूला जाते. आता या हिवाळ्यात तिला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर ट्रॅक डेला, म्हणजे आपलीच गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायच्या दिवसाला, न्यायची आहे. त्यासाठी तू केलेली यादी अशी: ईसीयू रिमॅप (इंजिनाच्या संगणकात फेरफार करून ताकद वाढवणं), मोकळा एक्झॉस्ट, वीस इंची चाकं, कॉइलओव्हर (गाडी खाली आणणारं कडक सस्पेन्शन), मोठं ब्रेक किट, बकेट सीट आणि मागे एक पंख. आणि प्रश्न: ‘काका, यातलं आधी काय करू?’

काका म्हणालास म्हणून अरे-तुरे करतोय. देवास नाक्याच्या मागे माझं वर्कशॉप आहे, त्याआधी पीथमपूरला नोकरी झाली, आणि बुद्ध सर्किट सुरू झाल्यापासून बहुतेक हिवाळ्यांत एखादी तरी फेरी नोएडाला होतेच. तेवढ्या जोरावर सांगतो: यादीतल्या एकाही वस्तूला सध्या हात लावू नकोस.

गाडीत वेगाची कमी नाही. ३०० अश्वशक्ती, ३८० न्यूटन-मीटर, वजन चौदाशे किलोच्या आत, शंभरचा आकडा पाच सेकंदांत. यातलं निम्मंसुद्धा तुला पहिल्या दिवशी वापरता येणार नाही. हिणवत नाही, मलाही पहिलं वर्षभर आलं नव्हतं. ट्रॅकवर गाडी हरते ती उष्णतेपुढे. रस्त्यावर आपण एकदा करकचून ब्रेक मारतो आणि मग पाच मिनिटं त्याला वारा लागतो. ट्रॅकवर तेच दर वीस-तीस सेकंदांनी करायचं असतं, आणि एक सत्र साधारण वीस मिनिटांचं. तेव्हा पैसे घालायचे ते गाडी विसाव्या मिनिटालाही पहिल्या फेरीसारखीच वागावी म्हणून. आणि तू ती ट्रकवर चढवून नेणार नाहीस, चालवत नेणार आहेस, म्हणजे सत्र संपल्यावर तिनं तुला ग्वाल्हेर, शिवपुरी, गुना करत घरीही आणलं पाहिजे. माझं पुढचं सगळं बोलणं या दोन गोष्टींभोवतीच फिरणार आहे.

बुद्ध सर्किट ५.१ किलोमीटरचं, सोळा वळणांचं. तिसऱ्या वळणातून बाहेर पडलं की समोर किलोमीटरभराहून थोडा लांब सरळ पट्टा येतो आणि त्याच्या टोकाला चौथं वळण. तुझी केमन तिथे २२० च्या आसपास पोचेल आणि वळणात शिरायला ८० पर्यंत उतरावं लागेल. गाडी, तू आणि पेट्रोल मिळून १४५० किलो धर. या दोन वेगांतल्या ऊर्जेचा फरक येतो साधारण २.३५ मेगाज्यूल. आकडा कोरडा वाटत असेल तर असं बघ, एवढ्या उष्णतेत सात लिटर गार पाणी उकळीला येतं. हे सगळं चार-पाच सेकंदांत, चार डिस्कांच्या पोटात. आणि हा एका फेरीतला फक्त एक ब्रेक. एबी रोडवर ८० वरून सिग्नलला थांबतोस तेव्हा याचा सहावा हिस्साही ब्रेकच्या वाट्याला येत नाही.

म्हणून पहिला खर्च ब्रेक ऑइलचा. आपण त्याला ऑइल म्हणतो, पण ते तेल नसतं. ग्लायकॉलच्या कुळातलं द्रव्य असतं आणि ते हवेतलं पाणी शोषत राहतं. साध्या डॉट ४ दर्जाच्या ऑइलला कोरड्या अवस्थेत किमान २३० अंशांपर्यंत उकळायची मनाई आहे, पण त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं की तीच हमी १५५ अंशांवर येते. मुंबईची दमट हवा खाल्लेली गाडी, वर आपल्याकडचा एखादा पावसाळा, आणि शेवटचं ब्रेक ऑइल कधी बदललं हे तुला माहीत नाही. म्हणजे तू १५५ च्याच बाजूला आहेस असं समज.

यातलं मी भोगलेलं सांगतो. माझ्याकडे तेव्हा एक टर्बो हॅचबॅक होती. पॅड (डिस्कला घासून चाक थांबवणारे ठोकळे) नवे, टायर नवे, ऑइल मात्र ‘अजून स्वच्छ दिसतंय की’ म्हणून दोन वर्षांचं तसंच ठेवलेलं. चूक माझीच. तिसऱ्या की चौथ्या फेरीला त्याच चौथ्या वळणावर पेडल दाबलं आणि ते स्पंजावर पाय पडावा तसं तळाला गेलं. दुसऱ्यांदा पंप केलं तेव्हा थोडं हाती लागलं, पण तोवर वळण मागे पडलं होतं. तिथे बाहेर मोकळी डांबरी जागा भरपूर आहे म्हणून गाडी नुसती गोल फिरून थांबली. मानपूरच्या घाटात हेच झालं असतं तर हे उत्तर तुला दुसऱ्या कुणाकडून घ्यावं लागलं असतं.

यातून एक ओळख पक्की करून ठेव. पेडल मऊ होऊन खाली गेलं तर ऑइल उकळलं. पेडल दगडासारखं कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून हरले. दोन दुखणी वेगळी, औषधं वेगळी. पहिल्यासाठी मोतूल आरबीएफ ६६० सारखं द्रव्य, ज्याचा कोरडा उत्कलनबिंदू ३२५ अंशांच्या घरात आहे. मात्र तेही पाणी पितं, म्हणून ट्रॅकच्या आधी आठवडाभरात भरायचं आणि दर हिवाळ्याला बदलायचं. कॅस्ट्रॉल एसआरएफ बरंच महाग पडतं, पण पाणी मुरल्यावरही ते २७० अंशांपर्यंत टिकतं. ज्याला वर्षभर बाटली विसरायची आहे त्यानं ते घ्यावं. रंग बघून ऑइल चांगलं ठरवणाऱ्या मिस्त्रीला मात्र नमस्कार करून निघून ये.

पॅडचं गणित जास्त किचकट आहे, कारण इथे रस्ता आणि ट्रॅक खरोखरच एकमेकांशी भांडतात. कारखान्याचे पॅड गार असतानाही पहिल्या स्पर्शाला धरतात, आवाज करत नाहीत, पण ट्रॅकवरच्या तापात त्यांची पकड सुटू लागते. निव्वळ रेसिंगचा पॅड उलटा: तापला की चिकटतो, पण सकाळी राजवाड्याच्या गर्दीत रिक्षा आडवी आली की पहिल्या दाबाला काही होतच नाही. वर इतका किंचाळतो की छप्पन दुकानला पोहे खाणारे माना वळवून बघतात. तुझ्यासाठी मधला मार्ग म्हणजे फेरोडो डीएस २५०० च्या जातीचा पॅड. थोडा आवाज, चाकांवर थोडी जास्त काळी भुकटी, पण गार असताना धरतो आणि नवशिक्याचं वीस मिनिटांचं सत्र सोसतो. पुढे दोन-तीन वर्षांनी तू वेगवान झालास की ट्रॅकचे पॅड वेगळे ठेव आणि तिथे पोचून बदल. पिना काढून पॅड बदलणं सरावानं तासाभराचं काम आहे. फक्त एकमेकांना न मानवणाऱ्या कंपाऊंडचे (मिश्रणाचे) पॅड एकाच डिस्कवर आलटून-पालटून घासू नकोस. प्रत्येक पॅड डिस्कवर आपला पातळ थर सोडतो, दुसऱ्या जातीच्या पॅडला तो थर मानवत नाही, स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि लोक म्हणतात ‘डिस्क वाकली’. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते.

नवे पॅड बसवून थेट ट्रॅकवर जायचं नाही. त्यांना बसवावं लागतं: ८० वरून २० पर्यंत दमदार ब्रेक, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा, मग पंधरा मिनिटं ब्रेकला न शिवता गाडी चालवायची. भल्या पहाटे, रिकाम्या बायपासवर, मागे कुणी नाही बघून. सुपर कॉरिडॉरवर रात्री अकराला नाही. तिथे तेव्हा तुझ्यासारखेच अजून चार भिया असतात.

मोठं ब्रेक किट का नको? तुझ्या गाडीला चारही चाकांत चार पिस्टनचे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे) कारखान्यातूनच आहेत आणि पुढची डिस्क ३३० मिलिमीटरची आहे. हे पुरतं. तुझ्या डिस्कांना भोकं आहेत, तिकडे मात्र लक्ष ठेव. तापणं-गार होणं चालू राहिलं की भोकांच्या कडेनं केसासारख्या बारीक चिरा पडतात. तेवढं चालतं. चिरा एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत जोडल्या गेल्या किंवा डिस्कच्या कडेपर्यंत पोचल्या की ती डिस्क भंगारात. दोन सत्रांच्या मध्ये टॉर्च घेऊन बघायची सवय लाव. आणि सत्र संपताना शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता काढ. पार्किंगमध्ये आलास की हँडब्रेक लावू नकोस आणि पायही पेडलवर दाबून ठेवू नकोस. लालबुंद डिस्कवर पॅड एकाच जागी चिकटून राहिला तर त्याचा ठसा उठतो.

आता टायर. वीस इंची चाकांचा विचार सोडून दे. तुझ्या गाडीला अठरा इंची चाकं आहेत, पुढे २३५/४५ आणि मागे २६५/४५. या ४५ च्या जाडीनंच गेल्या पावसाळ्यात तुझे रिम वाचवले असणार. वीस इंचात रबराची भिंत पातळ होते, चाक बहुधा जड होतं आणि पहिल्याच खड्ड्यात हजारो रुपयांचं ॲलॉय चपटं होतं. मिळतं काय, तर फोटो.

मिशलिन पायलट स्पोर्ट ४एस किंवा त्या तोडीचं टायर तुझ्या वापराला योग्य. मिशलिनचंच कप २ हे ट्रॅककडे झुकणारं टायर ट्रॅकवर जास्त धरतं यात वाद नाही. पण त्याच्या खाचा उथळ, रबर लवकर झिजणारं, आणि परतीच्या वाटेवर अवकाळी पाऊस लागला तर साचलेल्या पाण्यावर ते तरंगायला लागतं. वेगळा सेट ठेवायचा म्हटलं तर केमनमध्ये चार चाकं कुठे बसवणार? पुढच्या डिकीत एक बॅग आणि मागच्या डिकीत एक बॅग, एवढीच तिची माया. ट्रान्सपोर्टनं पुढे पाठवणारे लोक आहेत, पण पहिल्या वर्षी तो उपद्व्याप नको. टायर घेताना कडेला चार अंकी तारीख बघ, पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मुंबईच्या मालकानं गाडी कमी चालवली असेल तर खाचा भरपूर आणि रबर म्हातारं, असं हमखास असतं.

एक गंमत सांगतो. कोरकरीत टायर ट्रॅकसाठी चांगलं नसतं. खाचा खोल असल्या की रबराचे ठोकळे डोलतात, तापतात आणि कडेनं तुकडे निघतात. अर्धं झिजलेलं टायर कोरड्या ट्रॅकवर जास्त ठाम वागतं. म्हणून दिवाळीला नवे टायर टाकून जानेवारीत ट्रॅकवर जाण्यापेक्षा, नवे टायर पावसाळ्याच्या तोंडाशी टाकावेत आणि हिवाळ्यापर्यंत थोडे झिजू द्यावेत. पाऊसही सुखाचा जातो.

हवेचा दाब हा फुकटातला सगळ्यात मोठा अपग्रेड आहे आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. टायर दहा अंशांनी तापलं की दाब सुमारे दीड पीएसआय वाढतो. ट्रॅकवर टायर चाळीस-पन्नास अंशांनी सहज तापतं. म्हणजे सकाळी ३४ भरून उतरलास तर तिसऱ्या फेरीला चाळीस, टायर फुगून मधेच टेकतं आणि गाडी साबणावर चालल्यासारखी वाटते. मग लोक म्हणतात सस्पेन्शन बदलायला हवं! सकाळी गार टायरमध्ये २७-२८ ठेवून सुरुवात कर, आत आल्याबरोबर मोज, आणि गरम असताना पुढे ३३-३४ च्या आसपास येईल असं हवा सोडत किंवा भरत जा. कडेला खडूची रेघ मार. रेघ कुठवर पुसली त्यावरून टायर किती लोळतंय ते कळतं. संध्याकाळी घरी निघताना हवा पुन्हा भरायची. हे विसरणारे दरवर्षी भेटतात.

इथेच नॅट्रॅक्सचं बोलून घेतो, कारण तू विचारलंयस की घराशेजारी पीथमपूरला ट्रॅक असताना नोएडापर्यंत कशाला जायचं. नॅट्रॅक्स चाचणी केंद्र आहे. २०२१ च्या जूनमध्ये उद्घाटन झालेला त्याचा हायस्पीड ट्रॅक ११.३ किलोमीटरचा आहे, पण त्याचं काम वेगळं: सलग, न थांबता, टोकाच्या वेगानं गाडी धावते का ते बघणं. तिथे गेट उघडून कुणीही आत जात नाही, रीतसर बुकिंग लागतं. एखाद्या ग्रुपबरोबर तुला तशी संधी मिळालीच, तर मी आत्ता सांगितलेलं सगळं उलटं करायचं. लंबगोलाकार ट्रॅकवर सलग २३०-२४० नं पळताना कमी हवेचं टायर प्रत्येक फेऱ्याला चेपतं, सुटतं, आणि त्यातून आतल्या आत तापत जातं. बँकिंगवर तर गाडीचं वजन टायरवर आणखी दाबतं. तिथे उत्पादकानं दिलेला पूर्ण वेगासाठीचा, म्हणजे जास्तीचा दाब हवा. आणि ट्रॅकसाठी चाकं आत झुकवून ठेवली असतील तर टायरची आतली कड एकटीच भाजते. बुद्धवर चांगलं वागणारं सेटिंग नॅट्रॅक्सवर टायर फोडू शकतं.

चाकं झुकवणं म्हणजे कॅम्बर. तुझ्या गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे स्ट्रट सस्पेन्शन आहे. गाडी वळणात बाहेरच्या बाजूला कलली की बाहेरचं चाकही तिच्याबरोबर बाहेर कलतं आणि सगळा भार टायरच्या बाहेरच्या कडेवर येतो. बुद्ध सर्किट घड्याळाच्या दिशेनं आहे, आणि दहावं-अकरावं मिळून जे लांबच लांब उजवं वळण आहे ते पुढच्या डाव्या टायरची परीक्षाच घेतं. कारखान्याचं सेटिंग मुद्दाम बेताचं असतं, म्हणजे सामान्य माणसाची गाडी नाक बाहेर ढकलून सावध करते, शेपूट फेकत नाही. पहिल्या वर्षी एवढंच कर: आहे त्याच सुट्या भागांत पुढच्या स्ट्रटची वरची जागा जितकी आत सरकेल तितकी सरकवून घे. साधारण सव्वा अंश मिळेल. टो, म्हणजे वरून बघितल्यावर चाकं आत-बाहेर किती वळलेली दिसतात ते, पुढे जवळजवळ शून्य, मागे थोडा आत. महामार्गावर आठशे किलोमीटर सरळ जायचंय हे विसरू नकोस. पुढे हौस वाढली तर पोर्शच्या जीटी३ पद्धतीचे, सस्पेन्शनचे दोन तुकड्यांचे खालचे आर्म येतात, त्यात शिमा, म्हणजे पत्र्याच्या पातळ पट्ट्या, घालून दोन अंशांपर्यंत जाता येतं. रस्त्यासाठी त्यापलीकडे जाऊ नये.

अलाइनमेंट करताना स्वतः उभा राहा. एका दुकानात माझ्या गाडीचं पडद्यावर सगळं हिरवं दाखवून पैसे घेतले होते. घरी दोरी लावून मोजलं तर मागचं एक चाक सरळसरळ वाकडं. हिरवा रंग म्हणजे ‘कंपनीच्या मर्यादेत’. दोन्ही बाजू सारख्या आहेत असा त्याचा अर्थ होत नाही. आणि तू गाडीत बसलेला असताना, किंवा तुझ्या वजनाची सिमेंटची दीड पोती सीटवर ठेवून मोजायला सांग. लोक हसतील, हसू देत.

कॉइलओव्हर मी सरसकट वाईट म्हणत नाही. पण इंदूरच्या कॉलन्यांमधले स्पीडब्रेकर तू रोज बघतोस. रहिवासी संघानं स्वखर्चानं बांधलेले, कुठल्याही मापात न बसणारे. गाडी तीस मिलिमीटर खाली आणलीस की रोज घरी येताना तिरकी करून चढवावी लागेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खडबडीत रस्त्यावर कडक डँपर (शॉक ॲब्सॉर्बर) चाकाला जमिनीला चिकटू देत नाही, चाक उड्या मारतं. जाम गेटहून मंडलेश्वरकडे उतरताना उडणारं चाक वळतही नाही आणि थांबतही नाही. तुझे मूळ डँपर गळत नाहीत ना, वरच्या रबरी माउंटिंगला भेगा नाहीत ना, एवढं तपासून घे. सात-आठ वर्षांच्या गाडीला नवे मूळ भाग बसवले की अर्ध्या लोकांना ‘सस्पेन्शन अपग्रेड’ झाल्यासारखं वाटतं.

इंजिन मध्ये असलं तरी केमनचे रेडिएटर पुढे आहेत, बंपरच्या दोन नाकपुड्यांच्या आत, आणि एसीचे कंडेन्सर त्यांच्यापुढे. तिथे पालापाचोळा साचतो. आपल्याकडच्या कडुनिंबाखाली उभी राहणारी गाडी असेल तर मूठमूठभर. तो ओला होतो, कुजतो, हवा अडवतो आणि कंडेन्सरही खातो. बंपर उतरवून एकदा सगळं साफ करून घे. मोठ्या रेडिएटरचा खर्च वाचेल. याच कारणासाठी मी ट्रॅकला नोव्हेंबर ते फेब्रुवारीच म्हणतो. मे महिन्यात चाळीसच्या वर पारा असताना टर्बो इंजिन आत येणारी हवाच गार करू शकत नाही आणि ईसीयू स्वतःहून ताकद कमी करतो. इंजिन ऑइल ट्रॅकच्या आधी बदल, पातळी पडद्यावर दिसते ती गरम इंजिनावर बघ, आणि टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नकोस. पेट्रोल जास्त ऑक्टेनचं घे. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं एक्सपी १०० दिल्ली, नोएडा, आग्र्याला २०२० च्या डिसेंबरपासून मिळतं.

रिमॅपचं मी एवढंच म्हणेन की जास्त ताकद म्हणजे त्या पट्ट्याच्या टोकाला जास्त वेग, म्हणजे ब्रेकवर आणखी उष्णता. इंदुराला मोठ्या इंजिनांचं वेड नवं नाही म्हणा. यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकात ड्युसेनबर्ग एसजे घेतली होती, तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी बांधून घेतली होती, आणि त्या इंजिनाची ताकद ३२० अश्वशक्ती सांगितली जायची. तुझ्यापेक्षा वीस जास्त! पण ब्रेक ड्रमचे, आणि महाराजांना चौथं वळण नव्हतं.

कायद्याचंही बघ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ च्या जानेवारीत तेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. मोकळा एक्झॉस्ट तर पोलिसांना डोळे मिटूनही सापडतो. मी सांगितलेले पॅड, ब्रेक ऑइल, त्याच मापाचे टायर, अलाइनमेंट हे सगळं देखभालीत मोडतं. विम्याची पॉलिसीही काढून वाच: शर्यत, वेगाची चाचणी अशा वापराला नेहमीच्या पॉलिसीत संरक्षण नसतं. ट्रॅकवर भिंतीला लागली तर खर्च तुझा, हे घरच्यांना आधी सांगून ठेव.

बकेट सीट आणि चार पट्ट्यांचा हार्नेस रस्त्याच्या गाडीत घालू नकोस. मूळ तीन बिंदूंचा पट्टा आणि एअरबॅग एकमेकांसाठी बनवलेत. चार पट्ट्यांत धडकेच्या वेळी माणूस खालून पुढे सरकू शकतो, आणि गाडी उलटली तर रोलबारशिवाय (छत पेलणाऱ्या दांड्यांशिवाय) ताठ बांधलेला माणूस मान वाकवूही शकत नाही. त्याऐवजी सीट मागे घे, पट्टा झटका देऊन लॉक कर, मग सीट पुढे आण. ढुंगण सीटला घट्ट बसतं. ते पैसे हेल्मेटला दे, स्नेल एसए (कारच्या शर्यतीसाठीच्या) मानांकनाचं. मोटरसायकलचं चालवून घेतो असं म्हणशील, पण एसए हेल्मेटचं अस्तर आग सहन करतं आणि ते रोलबारवर आपटण्याच्या हिशेबानं तपासलेलं असतं.

उरलेले पैसे शेजारी बसणाऱ्या प्रशिक्षकाला. रुपयातले दहा आणे टायर-ब्रेकला गेले तर चार आणे त्याला आणि दोन आणे पेट्रोलला, असा माझा हिशेब. केमनचं इंजिन तुझ्या पाठीमागे असल्यानं लांब वळणात घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडलास तर मागची बाजू हलकी होऊन पुढे यायला बघते. दहा-अकराला हे पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून होतं. स्थिरतेचं इलेक्ट्रॉनिक बटण दिवसभर चालूच ठेव. ते काम करताना दिवा लुकलुकतो. तो कुठे लुकलुकला ते प्रशिक्षकाला विचार, तिथेच तुझी चूक आहे.

प्रवासाचं झटकन. पहाटे चारला निघ, शिवपुरीनंतर थांबून पाय मोकळे कर, ग्वाल्हेरला जेव, आग्र्यापासून यमुना एक्सप्रेसवे १६५ किलोमीटर सरळ सर्किटच्या दारात नेतो. परी चौकाच्या आसपास मुक्काम. बरोबर टॉर्क रेंच (चाकांच्या बोल्टना १६० न्यूटन-मीटर, प्रत्येक सत्रानंतर गार झाल्यावर पुन्हा तपासायचं), हवेचा गेज, छोटा कंप्रेसर, ब्रेक ऑइलची एक बंद बाटली आणि जुने पॅड. गाडी ओढायचा टो हूक बूटमध्ये आहे ना ते घरीच बघ. संध्याकाळी निघण्याआधी पॅडची जाडी मोज. तीन मिलिमीटरच्या खाली असेल तर जुने पॅड घालूनच इंदूरला निघ. रात्री निघूच नकोस, दमलेला असतोस आणि डोक्यात अजून २२० चालू असतात.

आणि तो पंख. तुझ्या गाडीला आहे. १२० च्या पुढे गेलास की मागचा स्पॉयलर आपोआप वर येतो. मुंबईच्या मालकानं बहुधा कधी उघडा पाहिलाच नसेल, तेव्हा गाडी उभी असताना बटणानं एकदा वर करून खालची माती पुसून घे.